चरा पडलेली रेकॉर्ड भंगार नसते, साहेब!

नांदेड-लातूरकर मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. पण वाचा, कारण विषय तुमच्याच माळ्यावरच्या पेटीत पडलेला असू शकतो.

जुन्या रेकॉर्डींना पुन्हा भाव आलाय. बाहेरगावचे खरेदीदार आपल्या भंगारवाल्यांना नंबर देऊन ठेवायलेत, "रेकॉर्डी आल्या की फोन करा" म्हणून. वाटतं, बरं झालं, कोणीतरी जपणारं भेटलं. पण ते काय उचलतात आणि काय टाकतात हे मी गेली काही वर्षं दुकानात बसून बघायलोय. 'शोले'च्या संवादांची एलपी उचलतात. आर. डी. बर्मन उचलतात. नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' मिळाली तर पोत्यातलं बाकी काही बघतच नाहीत. त्यातही कव्हर फाटकं नको, तबकडीवर चरा नको, लेबलवर पेनानं लिहिलेलं नको.

आणि सात इंची मराठी ईपी? लावण्या, लोकगीतं, भीमगीतं, पोवाडे, कव्वाल्या? कव्हर हरवलेल्या, चरे पडलेल्या त्या रेकॉर्डी परत पोत्यात जातात. पोतं काट्यावर जातं. काहींच्या नशिबी कॅफेची भिंत येते. मधोमध घड्याळाचे काटे बसवायचे, वरून सोनेरी रंग मारायचा, झालं 'व्हिंटेज'. ज्या बाईनं गळा फाडून लावणी म्हटली, तिच्या आवाजावर आता तासकाटा फिरतो.

माझं भांडण या निवडीशी आहे. साधा हिशेब करा. कुठली रेकॉर्ड जास्त झिजते? जी जास्त वाजते ती. म्हणजे लोकांनी जिच्यावर सगळ्यात जास्त जीव लावला, तीच आज सगळ्यात खराब अवस्थेत आहे. बाजार नेमकी तीच फेकतो, आणि जी कोणी फारशी ऐकलीच नाही, ती कोरी करकरीत म्हणून काचेच्या कपाटात जाते.

नव्या पोरांसाठी थोडं सांगतो. ईपी म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घेणारी ७ इंचाची तबकडी. दोन्ही बाजू मिळून बहुधा चार गाणी, एकेक तीन-साडेतीन मिनिटांचं. त्याआधी होत्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या जड रेकॉर्डी, हातातून सुटली की ठिकऱ्या. इंग्रजी मुलखात ज्याला 'पॉप सिंगल' म्हणतात आणि संग्राहक ज्याच्यासाठी वेडे होतात, ते आपल्याकडं या ईपीच्या रूपात होतं. आपला पॉप म्हणजे सुलोचना चव्हाण, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, शाहीर साबळे. आपला पॉप म्हणजे 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'पिंजरा' (१९७२) यांची गाणी. फक्त त्याला पॉप म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

आता मराठवाड्याची गोष्ट वेगळी का, ते ऐका. पुण्या-मुंबईत मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात रेकॉर्ड प्लेअर होता. सोबत मऊ फडकं, कव्हर, कपाट. आपल्या खेड्यात घराघरात प्लेअर कुठला असणार? आपल्याकडं रेकॉर्डी होत्या भोंगेवाल्याकडं. अॅम्प्लिफायर, बॅटरी, दोन भोंगे आणि रेकॉर्डींची पत्र्याची पेटी घेऊन तो बैलगाडीनं, नाहीतर एसटीच्या टपावर सामान टाकून लग्नाला, जत्रेला, १४ एप्रिलला, गणपतीला जायचा. मांडवातली धूळ, मे महिन्याचं ऊन, बोथट सुई, आणि "तेच लाव पुन्हा" म्हणणारी वऱ्हाडी मंडळी. त्या रेकॉर्डीला चरा नाही पडणार तर काय होणार?

पण एकेक रेकॉर्ड ऐकणारी माणसं मोजा. दिवाणखान्यातली घरातल्या पाच जणांनी ऐकली. भोंग्यावरची अख्ख्या शिवारानं ऐकली.

संग्राहक लेबलवर पेनानं लिहिलेलं असलं की 'दोष' समजून किंमत पाडतात. माझ्याकडच्या एका लावणीच्या ईपीवर निळ्या शाईनं लिहिलंय, "रात्री १० नंतर". एका भक्तिगीतांच्या ईपीवर "पहाटे, पहिली". एकीवर लाल ऑइलपेंटनं नुसता आकडा, पेटीतला नंबर. हा दोष आहे? कुठलं गाणं गावात कितीला वाजायचं, बायामाणसं उठून गेल्यावर काय लागायचं, याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडेल मला सांगा. ही अशिक्षित समजल्या गेलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं केलेली नोंद आहे. कोऱ्या लेबलवर काय वाचणार तुम्ही?

उद्या कोणी संशोधक महाराष्ट्रानं साठ-सत्तर सालात काय ऐकलं, याचा इतिहास लिहील. त्याला जपलेल्या रेकॉर्डी सापडतील त्या दिवाणखान्यातल्या. मग तो प्रामाणिकपणे लिहील की महाराष्ट्र भावगीतं आणि नाट्यगीतं ऐकत होता. भावगीतांशी माझं वैर नाही, मीही ऐकतो. पण अर्धा महाराष्ट्र मांडवात उभा राहून ऐकत होता, आणि त्याचा पुरावा आपण किलोवर विकायलोत.

"अहो, यूट्यूबवर सगळं आहे." नाही, सगळं नाही. चारपैकी गाजलेलं एखादं गाणं असतं, उरलेल्यांचा पत्ता नसतो. असलं तरी कवी कोण, संगीत कोणाचं, रेकॉर्डचा क्रमांक काय, हे चढवणारा बहुतेकदा लिहीत नाही. तबकडीवर ते छापलेलं असतं. लेबलच्या कडेला, गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांकही असतो. कोणी उद्या ती चित्रफीत काढून टाकली तर काय दाखवणार?

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, तो टाळणार नाही. "इथं शेतकरी फास घ्यायलाय, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आणि तुम्हाला गाण्याची पडलीय?" हो, पडलीय. एक खोली, लोखंडी कपाटं, एक चांगला प्लेअर, एक संगणक आणि पगार घेऊन मन लावून काम करणारी दोन पोरं. एवढ्याच्या खर्चानं कुठल्या धरणाचं पाणी कमी होणार नाही. एका सत्काराच्या मांडवाला याहून जास्त लागतं. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मराठवाड्याच्या अस्मितेवर भाषणं ठोकतो. त्या अस्मितेचा आवाज पोत्यात आहे, तेवढा बाहेर काढा.

मागणी स्पष्ट आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडं नांदेडला ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे, लातूरला उपपरिसर आहे. दोन्हीकडं मराठवाड्यातल्या रेकॉर्डी स्वीकारण्याची जागा जाहीर करा. चरा आहे म्हणून एकही नाकारू नका. लेबलचा फोटो, गाव, कोणाकडून आली, कुठं वाजायची, हे नोंदवा. जुने भोंगेवाले हयात आहेत तोवर त्यांना बोलतं करा.

कायद्याचा बाऊ करू नका. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःकडं मूळ प्रत असेल तर, जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतो. मी एका ग्रंथालयात पेटीभर रेकॉर्डी फुकट देऊ केल्या. उत्तर आलं, "नोंदवहीत याचा रकानाच नाही." अहो, मग रकाना आखा! पट्टी आणि पेन लागतं त्याला.

आणि हे काही आकाशातलं मागणं नाही. मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली, ती नोकरीधंदा सांभाळून वेड जपणाऱ्या माणसांच्या जिवावर. केरळात कोट्टायम जिल्ह्यातल्या एका खेड्यात सनी मॅथ्यू यांनी ग्रामोफोन आणि रेकॉर्डींचं संग्रहालय केलंय. खेड्यात! आणि आपल्या दोन जिल्ह्यांच्या शहरांना जमत नाही?

विद्यापीठ हलेल तेव्हा हलेल, तोवर आपण एवढं करू. रेकॉर्डी आडव्या थप्पीनं ठेवू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावरून खाली आणा, आपल्या उन्हात त्या वाकतात. लाखेच्या रेकॉर्डीला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. लेबलवरचं जुनं अक्षर तर अजिबात खोडू नका. दिवाळीच्या साफसफाईत पेटी निघाली तर भंगारवाल्याला हाक मारायच्या आधी आजोबांना विचारा, ही कोणत्या लग्नात वाजली होती?

उत्तर मिळालं की खाली लिहा. गावाच्या नावासकट.