ई-वे बिलाची मुदत कोण सांभाळणार?

सुरतहून निघालेल्या माझ्या कापडाच्या गाठी वाटेत एका गाडीतून दुसरीत चढल्या. वाहतूकदाराने नवा गाडीनंबर पोर्टलवर भरलाच नाही. माल खरा, बिल खरे. तरी गाडी अडली, कराच्या दुप्पट दंड भरून सोडवावी लागली आणि विश्रामबागच्या दुकानातून ईदचे गिऱ्हाईक परत गेले.

व्यापारी बंधूंनो, ई-वे बिल ही आपण पावती समजतो. ते दूरच्या संगणकावरचे चालते खाते आहे. आपण विचारले की तो संगणक उत्तर देतो आणि विचारणाऱ्याला विसरतो. त्याच्या लक्षात राहते ती बारा आकडी नंबराखालची नोंद: गाडी कोणती, मुदत किती, बिल चालू की रद्द. दुरून चालवायच्या अशा नोंदींना पत्ता आणि आयुष्य कसे द्यावे, याचे नियम ‘ओएसिस’ या जागतिक संस्थेने 2006 सालीच मंजूर केले होते.

आपल्या बिलाला 2021 पासून दर 200 किलोमीटरला एक दिवस आयुष्य मिळते. रद्द करायचे तर 24 तासांत. मुदत वाढवायची तर ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ, एवढाच अवकाश.

हे सारे आपण हिशेबनिसावर सोडतो. तो संध्याकाळी येतो, गाडी पहाटे अडते. माझ्या मते दुकानातल्याच एकाने, मुलगा असो वा नोकर, रोज नंबर घालून नोंद पाहावी. गाडी बदलल्यास नंबर कोण भरणार, हे भाडे ठरवतानाच लिहून घ्यावे. मी लिहून घेतले नव्हते. दंडातला वाटा वाहतूकदाराने अजून दिलेला नाही.