नाऊरूचे निर्वासित: डॉक्टर तेच, उपचार तेच, मग ते बरे का झाले नाहीत?

बोटीने येणाऱ्या आश्रयार्थींना प्रशांत महासागरातल्या नाऊरू या चिमुकल्या बेटावर पाठवायला ऑस्ट्रेलियाने 2012 मध्ये पुन्हा सुरुवात केली. जुलै 2013 मध्ये नियम आणखी कडक झाला. निर्वासित म्हणून मान्यता मिळाली, तरी अशा लोकांना ऑस्ट्रेलियात कधीच स्थायिक होता येणार नव्हतं.

मग जायचं कुठे? अनेकांना वर्षानुवर्षं याचं उत्तर मिळालं नाही.

मनावर काय परिणाम झाला?

'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने नोव्हेंबर 2017 पासून 11 महिने तिथे मानसोपचार दिले. त्यांच्याकडच्या 208 आश्रयार्थी आणि निर्वासित रुग्णांपैकी 60 टक्के जणांच्या मनात आत्महत्येचे विचार आले होते. काहींचं तर खाणं-बोलणंही थांबलं होतं.

हे फक्त युद्धाचे आणि छळाचे जुने घाव होते का? संस्थेने नाऊरूच्या स्थानिकांवरही उपचार केले. त्यांच्यातल्या अनेकांना सायकोसिससारखे गंभीर आजार होते. तरीही निम्म्याहून अधिक स्थानिक रुग्ण सुधारले. आश्रयार्थी आणि निर्वासितांमध्ये हे प्रमाण होतं फक्त 11 टक्के. जुन्या घावांवर उपचार सुरू होते, पण अनिश्चितता रोज नवा घाव करत होती.

पुढे काय झालं?

ऑक्टोबर 2018 मध्ये नाऊरू सरकारने संस्थेला 24 तासांत काम थांबवायला सांगितलं. सगळ्यांना बेटावरून तातडीने हलवा, अशी मागणी डॉक्टरांनी केली. 2019 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियात कायदा झाला आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रुग्णांना उपचारांसाठी तिथे आणता येऊ लागलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कायदा रद्द झाला.