सेन्सर लावा, झालं काम!

परवा जेवताना टीममधल्या एकाने तारे तोडले. त्याची आतेबहीण सरोवरशास्त्र, म्हणजे तळ्या-नद्यांच्या गोड्या पाण्याचा विषय, शिकायला अमेरिकेला चाललीय. "अजून तिथे पोरांना होडीत बसवून जाळी ओढायला लावतात म्हणे! चार सेन्सर टाका, डेटा क्लाउडवर घ्या, मॉडेल चालवा. मास्तर हवेत कशाला?"

आपल्या जमातीला हा आजारच आहे. दुसऱ्याचं काम आपल्याला नेहमी दोन स्प्रिंटचं वाटतं.

तर मंडळी, मॅडिसनचं उदाहरण घ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाची सरोवरशास्त्राची संस्था लेक मेंडोटाच्या काठावरच आहे. बर्ज आणि जूडे ह्या जोडगोळीने अमेरिकेत हा विषय उभा केला तो इथेच. तळं कधी गोठलं, कधी मोकळं झालं, ह्याच्या नोंदी १८५०च्या दशकापासून आहेत. आणि हो, सेन्सरवाला तरंगता बोयासुद्धा २००६ पासून आहे बरं का.

२००९ साली पदवीच्या पोरांचा एक वर्ग नेहमीसारखा होडीतून तळ्यात गेला. जाळी वर ओढली तर काटेरी पाणपिसवांनी भरलेली! जेमतेम सेंटिमीटरभर प्राणी, त्यात निम्म्याहून जास्त शेपटीचा काटाच. मूळचा युरोप-आशियाचा, १९८०च्या दशकात जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर ग्रेट लेक्समध्ये आलेला. ह्याने मेंडोटातली साधी पाणपिसवं फस्त केली. ती पाणपिसवं शेवाळ खायची. खाणारंच उरलं नाही म्हटल्यावर पाणी गढूळलं, पूर्वीपेक्षा जवळपास मीटरभर कमी खोल दिसू लागलं. २०१६च्या एका अभ्यासाचा हिशेब असा, की गेलेला स्वच्छपणा परत मिळवायचा तर तळ्यात येणारा फॉस्फरस ७१ टक्क्यांनी कमी करावा लागेल. खर्च ८.६५ ते १६.३ कोटी डॉलर.

आता सांगा, बोया काय करत होता? तापमान, प्राणवायू, वारा... इमानेइतबारे मोजत होता. पिसू मोजायला त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. जे अपेक्षितच नाही त्याचा कॉलम आपण टेबलात ठेवतो का?

खरं तर हा पाहुणा त्याआधी निदान दहा वर्षं थोड्या संख्येने तिथे होता, असं नंतर निघालं. म्हणजे शास्त्रज्ञांच्याही नजरेतून सुटलाच होता. पण म्हणून होड्या कमी करायच्या की वाढवायच्या? शिकवणं म्हणजे संशोधनाचा वेळ खाणारी कटकट असं मानणारे लोक विद्यापीठांतही कमी नाहीत, आणि माझा खरा राग त्यांच्यावर आहे. आपण निदान अडाणी तरी आहोत. दर वर्षी नवी पोरं त्याच तळ्यात जाळी टाकतात, आणि "सर, हे काय आहे?" असं विचारायची त्यांना लाज नसते. असला अलार्म कुठल्या डॅशबोर्डवर बसवणार?

हे सगळं त्याला ऐकवलं. शांतपणे ताक संपवून म्हणाला, "मग जाळीला कॅमेरा लावा ना."