निदानावर सही डॉक्टरचीच

केवळ खोकला, ताप अशी लक्षणे विचारून थांबले असते, तर सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते, असे २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात दिसून आले. ते सापडले छातीच्या एक्स-रेमुळे. आता हातात मावणारी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत पोहोचली आहेत. अडते ते एक्स-रे वाचणाऱ्या तज्ज्ञापाशी. पुणे शहरात रेडिओलॉजिस्टची वानवा नाही, भोर-मुळशीच्या दुर्गम गावांत मात्र तो सहजी मिळत नाही. तिथे एक्स-रे वाचणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सॉफ्टवेअरचे स्वागतच करायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयतपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. पुण्याच्या ‘डीपटेक’ कंपनीचे तंत्रज्ञान चेन्नई महापालिकेने वापरलेही आहे.

मात्र ही शिफारस संशयित वेगळे काढण्यापुरती आहे. सॉफ्टवेअर क्षयाच्या शक्यतेचा एक गुणांक देते. कितीच्या पुढे संशयित मानायचे, हे स्थानिक रुग्णांवर पडताळूनच ठरवावे लागते. बऱ्या झालेल्या जुन्या क्षयाचा व्रणही सॉफ्टवेअरला आजार वाटू शकतो. निदान पक्के करणारी थुंकीची ‘ट्रूनॅट’ किंवा ‘सीबीनॅट’ चाचणी वेळेवर होणार नसेल, तर एक्स-रे क्षणात वाचला गेल्याचा रुग्णाला काय उपयोग?

प्रयोगशाळेतले यश दवाखान्यात टिकतेच असे नाही. मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी करणारी गूगलची प्रणाली थायलंडमधील दवाखान्यांत वापरली गेली, तेव्हा पाचातले एक छायाचित्र तिने अस्पष्ट म्हणून नाकारल्याचे २०२० मध्ये समोर आले. दुसरा धोका डॉक्टरांच्या कौशल्याचा. पोलंडमधील २०२५ च्या अभ्यासानुसार, कृत्रिम बुद्धिमत्तेची सवय लागल्यावर तिच्याविना केलेल्या मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले.

म्हणून राज्य सरकारने आणि पुणे महापालिकेने असे सॉफ्टवेअर घेताना तीन अटी घालाव्यात. ते आपल्याच रुग्णांवर आधी तपासावे आणि किती रुग्ण निसटले, हे दरवर्षी जाहीर करावे. त्याचा वापर होत असल्याचे रुग्णाला मराठीत सांगावे. अंतिम निदानावर नोंदणीकृत डॉक्टरची सही असावी आणि जबाबदारीही त्याचीच राहावी. यंत्र चुकले, एवढे सांगून रुग्णाच्या घरच्यांना परत पाठवण्याची मुभा कोणत्याही रुग्णालयाला असता कामा नये.