अर्ध्या तिकिटाचा हिशेब

एसटीत मुलांना अर्धे तिकीट बारा वर्षांपर्यंत. परवा साताऱ्याहून कोल्हापूरला निघालो होतो. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. कंडक्टर आला तसे गृहस्थ म्हणाले, ‘एक फुल, एक हाफ.’ कंडक्टरने पोराकडे निरखून पाहिले. ‘कितवीत रे बाळ?’ पोराने आधी वडिलांकडे पाहिले आणि मग सांगितले, ‘पाचवीत.’ मशीनमधून तिकिटे निघाली, कंडक्टर पुढे सरकला. पोराच्या मांडीवर वही होती आणि तिच्या लेबलवर लिहिले होते, ‘इयत्ता सातवी’. त्याने त्यावर हात ठेवला. कराड येईपर्यंत तो हात तिथून हलला नाही.

ते गृहस्थ काही लबाड नव्हते. उंब्रजला एक म्हातारी चढली, तेव्हा गच्च भरलेल्या गाडीत सगळ्यांत आधी उठून त्यांनीच तिला जागा दिली. पोराने तेही पाहिले असेल. पण वहीवरचा तो हात सांगत होता की आपण खोटे बोललो हे त्याला कळत होते, बोचत होते. ही बोच म्हणजेच मुलाची मूळची पुंजी. शंभरेक रुपये वाचवताना बापाने तिला हात घातला. असे आणखी चार-दोन प्रवास झाले की बोच बोथट होईल, आणि मग लेबल झाकायलाही हात पुढे येणार नाही.

घरोघरी हेच चालते. दारात वसुलीवाला आला की ‘बाबा घरी नाहीत म्हणून सांग’. शाळेचा प्रकल्प दुकानातून तयार आणायचा आणि त्यावर मुलाचे नाव घालायचे. लग्नाला जायचे म्हणून शाळेत तापाची चिठ्ठी द्यायची. आपण याला व्यवहार म्हणतो, मुले याला शिकवण समजतात. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 1982 पासून कायदा आहे. दहावी-बारावीला भरारी पथके फिरतात, बैठी पथके बसतात, कॉपीमुक्त अभियान होते. तरीही केंद्राच्या भिंतीवर चढून खिडकीतून चिठ्ठ्या फेकणाऱ्यांत घरचीच माणसे सापडतात. हाफ तिकिटाचा रस्ता पुढे त्याच भिंतीकडे जातो.

मुलाने खरे सांगितले तर आपण काय करतो, हाही प्रश्न तितकाच मोठा आहे. वयाच्या पंधराव्या वर्षी गांधीजींनी भावाच्या कड्यातला सोन्याचा तुकडा चोरला होता. मन खाऊ लागले तेव्हा त्यांनी कबुलीची चिठ्ठी लिहून आजारी वडिलांच्या हाती दिली आणि शिक्षाही मागितली. वडिलांनी ती वाचली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. क्षणभर डोळे मिटून त्यांनी चिठ्ठी फाडून टाकली. मारले नाही, प्रवचन दिले नाही. गांधीजींनी हा प्रसंग आत्मकथेत जिव्हाळ्याने सांगितला आहे. आपल्याकडे मात्र ‘कप माझ्या हातून फुटला’ असे म्हणणारे पोर धपाटा खाते आणि ‘मांजराने पाडला’ म्हणणारे सुटते. खरे बोलणे महाग आणि खोटे स्वस्त असेल, तर मूल स्वस्त तेच घेणार.

म्हणून मुलांना खरे बोल म्हणून बजावण्याआधी घरात खरे बोलणे परवडेल असे करायला हवे. कबुलीजबाब देणाऱ्या मुलाला आधी जवळ घ्यावे, कपाचे नंतर बघावे. वसुलीवाल्याला दारात जाऊन स्वतः सांगावे, ‘या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात देतो.’ हे बोलताना मान खाली जाते, ते मुलाने पाहिले तरी बिघडत नाही. खऱ्याची किंमत बाप स्वतः मोजतो, हे त्याला त्यातूनच कळेल. आपण चुकलो असू तर तेही मुलासमोर कबूल करावे. त्याने आईबापाचा मान कमी होत नाही.

ते गृहस्थ पुन्हा कधी त्या पोराला घेऊन एसटीत बसतील. तेव्हा त्यांनी एवढेच म्हणावे, ‘दोन फुल.’ कंडक्टरने कौतुकाने इयत्ता विचारलीच, तर वडिलांकडे न बघता त्या पोराला ‘सातवीत’ म्हणता यावे.