मंजुरी म्हणजे पैसा हाती नव्हे

‘अर्थसंकल्प मंजूर झाला, आता टीका कशाला?’ हे पत्र (लोकमानस) वाचले. ते पटले नाही. राज्याच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात मुळातच 45,891 कोटींची महसुली तूट होती. तरी पावसाळी अधिवेशनात 57,509 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. ‘लाडकी बहीण’ योजनेची तरतूद 46,000 वरून 36,000 कोटींवर आली आणि निवडणुकीत कबूल केलेले दरमहा 2,100 रुपये लांबणीवर पडले. पैशाची अशी ओढाताण असताना सभागृहाची मंजुरी ही केवळ खर्चाची परवानगी ठरते. निधी सुटतो तो पुढे, शासनाच्या आदेशाने. म्हणून रस्ता असो वा शाळाखोली, तरतूद किती यावर न थांबता 31 मार्चपर्यंत प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे प्रत्येकाने आपापल्या आमदाराला विचारावे.

– एक करदाता, सातारा