टोल न भरणाऱ्या गायकाची गाडी

टोल चुकवणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कुणी काचेवरचं स्टिकर दाखवतो, कुणी नाक्यावरच्या पोरावर डोळे वटारतो, कुणी गावातून जाणारा आडरस्ता धरतो. पण दंड होऊ दे, गाडी जप्त होऊ दे, हवं तर लिलाव करा, असं ठरवून त्याच नाक्यावरून पुन्हा पुन्हा गाडी नेणारे महाभाग विरळाच. नॉर्वे देशात असे काही जण निघाले. आणि त्यातला एक तर चक्क पॉपस्टार!

मॉर्टन हार्केट त्याचं नाव. ‘आ-हा’ या नॉर्वेजियन बँडचा देखणा गायक. १९८५मध्ये त्यांच्या ‘टेक ऑन मी’ या गाण्याने अमेरिकेतही पहिला नंबर पटकावला आणि इथल्या कॉलेजकुमारांच्या कॅसेटमध्येही ते शिरलं. पैसा, प्रसिद्धी, मागेपुढे फिरणाऱ्या मुली, सगळं हात जोडून उभं होतं. अशा माणसाने स्पोर्ट्‌स कार घ्यायची सोडून काय करावं? १९८९मध्ये त्याने, त्याचा बँडमधला जोडीदार माग्ने फुरुहोल्मेनने आणि ‘बेलोना’ या पर्यावरण संस्थेच्या फ्रेडरिक हाउगेने मिळून स्वित्झर्लंडहून एक फियाट पांडा आणली. डबड्यासारखी दिसणारी छोटीशी गाडी. तिच्यातलं पेट्रोलचं इंजिन काढून विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवलेल्या. एका चार्जिंगमध्ये ती जेवढं अंतर जायची, ते आजच्या मानाने अगदीच किरकोळ.

पण गाडीने किती पळावं हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता टोलचा. जी गाडी धूर सोडत नाही, तिच्याकडून टोल कशाला, असं या मंडळींचं म्हणणं. म्हणून पांडा नाक्यावर यायची आणि पैसे न देता पुढे जायची. दंडाच्या पावत्या साठत गेल्या. शेवटी सरकारने गाडी जप्त करून लिलावात काढली. आता असलं ध्यान विकत घेणार कोण? बेलोनाच्याच माणसांनी ती किरकोळ किमतीला सोडवून आणली आणि पुन्हा नाक्यावर उभी केली. पुन्हा दंड, पुन्हा जप्ती, पुन्हा लिलाव. गाडीत प्रसिद्ध गायक असल्याने वर्तमानपत्रांना दर वेळी छायाचित्रासह बातमी मिळत होती, हे वेगळं सांगायला नको.

या नाटकाचा परिणाम मात्र खरोखरीचा झाला. १९९०मध्ये विजेच्या गाडीवरचा आयातीच्या वेळचा कर उठला. १९९७पासून टोल माफ झाला. पुढे सरकारी जागेत पार्किंग फुकट झालं, २००१मध्ये मूल्यवर्धित कर माफ झाला, २००५पासून बससाठी राखलेल्या मार्गिकेतून या गाड्या न्यायला देशभर परवानगी मिळाली. फेरीबोटीवर गाडी चढवायची तर तिथेही सवलत.

गंमत म्हणजे या सगळ्या सवलती दिल्या गेल्या, तेव्हा त्या घेणारं जवळपास कुणी नव्हतं. ‘थिंक’ नावाची चिमुकली विजेची गाडी बनवणारा नॉर्वेचा स्वतःचा कारखाना होता, तोही पुन्हा पुन्हा दिवाळ्यात जाऊन २०११मध्ये कायमचा संपला. दुसऱ्या एखाद्या देशात एव्हाना फाइल बंद झाली असती. नॉर्वेने ती उघडी ठेवली. मग २०११मध्ये निस्सानची ‘लीफ’ आली, पाठोपाठ टेस्ला आली, आणि वीस वर्षं रिकामं वाढलेलं ताट एकदम उठू लागलं. सप्टेंबर २०१३मध्ये टेस्लाची ‘मॉडेल एस’ ही त्या महिन्यात नॉर्वेत सर्वाधिक खपलेली गाडी ठरली. कुठल्याही देशाच्या विक्रीच्या यादीत विजेच्या गाडीने वर येणं हेच तेव्हा अप्रूप होतं. २०२४ साली तिथे विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी सुमारे ८९ टक्के गाड्या निव्वळ विजेवर चालणाऱ्या होत्या.

नॉर्वेची माणसं काही साधुसंत आहेत म्हणून हे झालेलं नाही. तिथल्या गृहिणीने आणि गृहस्थाने आपल्यासारखाच कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडला. पेट्रोलच्या गाडीवर भरभक्कम नोंदणी कर, वर मूल्यवर्धित कर. विजेच्या गाडीवर २०२२पर्यंत दोन्ही नव्हते. कारखान्यात महाग पडणारी गाडी दुकानात येईपर्यंत पेट्रोलच्या गाडीच्या बरोबरीला येऊन बसायची. रोज कामावर जाताना टोल वाचायचा, पार्किंग वाचायचं, इंधन तर वाचायचंच. घरोघरी अंगणात गाडी उभी करायला जागा आणि तिथेच प्लग. बर्फाळ थंडीत बॅटरी लवकर उतरते, ही तक्रार सगळ्यांचीच. पण महिन्याचा हिशेब जुळला की माणूस थंडीचंही बघून घेतो.

या हिशेबाच्या मागे आणखी एक हिशेब आहे, तो मात्र सगळ्यांना परवडणारा नाही. नॉर्वेची जवळपास सगळी वीज धबधब्यांवर आणि धरणांवर तयार होते. लोकसंख्या जेमतेम साडेपंचावन्न लाख, म्हणजे मुंबई शहराच्या निम्मीही नाही. आणि सरकारच्या तिजोरीत कर माफ करण्याइतका पैसा आला कुठून? समुद्राखालच्या तेलातून आणि वायूतून! घरात धूर नको म्हणून विजेची गाडी घ्यायची आणि ती परवडावी म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना तेल विकायचं, असा हा सगळा मामला. तिथलेच टीकाकार सरकारला हे वरचेवर ऐकवतात. तेलाचे पैसे असूनही ज्या देशांनी हे केलं नाही, त्यांची यादी मोठी आहे, हेही तितकंच खरं.

टोलमाफीने गाडी खपते, याचा अनुभव एका भारतीय कारखान्यालाही आला होता. बंगळुरूची ‘रेवा’ आठवते? २००१मध्ये रस्त्यावर आलेली, दोन दारांची, खेळण्यासारखी दिसणारी विजेची गाडी. घरच्या रस्त्यांवर तिला गिऱ्हाईक मिळता मिळेना. पण लंडनने २००३मध्ये शहराच्या मध्यभागात गाडी आणणाऱ्यांवर रोज पाच पौंडांचा कर बसवला आणि विजेच्या गाड्यांना तो माफ केला. झालं! हीच रेवा तिथे ‘जी-विझ’ नावाने मिरवू लागली. मोटारींवर लिहिणाऱ्या इंग्रज पत्रकारांनी तिची यथेच्छ टिंगल केली, पण रोजचा कर वाचवणारे लंडनकर तिच्यातून ऑफिसला जात राहिले. २०१०मध्ये महिंद्र कंपनीने रेवा ताब्यात घेतली.

आता या सुरस कथेतली खटकणारी बाजू. ती नॉर्वेतच, ऑस्लोच्या पश्चिमेकडून शहरात येणाऱ्या ई-१८ नावाच्या रस्त्यावर दिसली. या रस्त्यावर बससाठी वेगळी मार्गिका आहे. विजेच्या गाड्या चार-दोन होत्या तोवर त्यांना तिथून जायची मुभा देण्यात सरकारचं काही जात नव्हतं. पण टेस्ला आणि लीफची रांगच लागली, तेव्हा बसची मार्गिका मोटारींनी भरून गेली. ज्या उपनगरांतून हा रस्ता येतो, ती खाऊनपिऊन सुखी माणसांची. तेव्हा चित्र असं की, मोठ्या गाडीत एकटाच बसलेला साहेब पुढे आणि त्याच्या मागे पन्नास माणसं घेऊन खोळंबलेली बस! बसवाल्यांनी तक्रारी केल्या. अखेर २०१५मध्ये नियम आला, की गर्दीच्या वेळी विजेच्या गाडीत चालकाखेरीज निदान एक माणूस हवा, तरच बसच्या मार्गिकेतून जाता येईल.

धूर कमी करायला निघालेली सवलत बसच्याच वाटेत आडवी आली. विजेच्या वाहनांचा विषय निघाला की चर्चा मोटारीभोवतीच फिरते. कुठलं मॉडेल, किती किलोमीटर, किती मिनिटांत चार्ज. २०२४मध्ये जगभरात १ कोटी ७० लाखांहून अधिक विजेच्या मोटारी विकल्या गेल्या, म्हणजे खपणाऱ्या दर पाच मोटारींत एक तरी, असे आकडे मोठ्या अक्षरांत छापले जातात (यात पेट्रोल आणि प्लग दोन्हींवर चालणाऱ्या गाड्याही धरलेल्या असतात, ही बारीक अक्षरांतली गोष्ट). ज्याच्याकडे मोटार नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत, तो माणूस या चर्चेत कुठे आहे?

तो चीनमधल्या शेंझेनमध्ये आहे. हाँगकाँगला लागून असलेल्या, सव्वा कोटीहून जास्त वस्तीच्या या शहराने उलट्या टोकाकडून सुरुवात केली, म्हणजे आधी बस. एखाद्याची खासगी मोटार दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते. शहर बस पहाटेपासून रात्रीपर्यंत धावते आणि थांब्याथांब्यावर थांबून पुन्हा निघताना धूर ओकते. तेव्हा एक बस विजेवर आणली की कितीतरी मोटारींचं काम होतं. २०१७ संपता संपता शेंझेनच्या सगळ्याच्या सगळ्या १६ हजार ३५९ बस विजेवर धावू लागल्या होत्या. एवढ्या मोठ्या शहराने असं करण्याची जगातली ती पहिलीच वेळ. पाठोपाठ टॅक्सीही बदलल्या.

विजेच्या बसची किंमत डिझेलच्या बसच्या कितीतरी पट. ती बस कंपन्यांना परवडली कशी? एक तर केंद्र आणि शहर, दोन्ही सरकारांनी मिळून निम्म्याहून अधिक भार उचलला. दुसरं म्हणजे कंपन्यांनी बस थेट विकत न घेता आठ वर्षांच्या भाड्याने घेतल्या. बॅटरीची हमी बनवणाऱ्याच्या गळ्यात! बॅटरी मध्येच बसली तर काय, ही धास्ती बस चालवणाऱ्याच्या डोक्यावरून गेली. बस बनवणारी ‘बीवायडी’ कंपनी त्याच गावची, त्यामुळे धंदाही गावातच राहिला. चार्जिंगचं काम बाहेरच्या कंपन्यांना दिलं आणि बस रात्री, वीज स्वस्त असताना चार्ज करायच्या असं ठरलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. सर्वांत मोठी अडचण निघाली जागेची. डिझेलची बस कुठेही, रस्त्याच्या कडेलाही रात्र काढते. विजेच्या बसला प्लगपाशीच झोपावं लागतं. इतक्या बस, इतके चार्जर मांडायला दाटीवाटीच्या शहरात आगारं कुठून आणायची? शिवाय या बसचा आवाजच येत नाही, त्यामुळे रस्ता ओलांडणाऱ्यांची पंचाईत. आयुष्यभर बसच्या गडगडाटाला कंटाळलेल्या माणसांनी आता थोडा तरी आवाज हवा म्हणावं, याला काय म्हणावं!

शेंझेनची वीज नॉर्वेसारखी धबधब्यांची नाही, हे लक्षात ठेवायला हवं. चीनची निम्म्याहून अधिक वीज कोळशावर तयार होते. भारताचीही तशीच. म्हणजे धूर रस्त्यावरून उठून विजेच्या कारखान्याच्या चिमणीकडे जातो, असा आक्षेप घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. मात्र थांब्यावर उभ्या असलेल्या शाळकरी मुलाच्या नाकाशी तो धूर नसतो. मोटर इंजिनापेक्षा कमी ऊर्जा वाया घालवते, हेही हिशेबात धरावं लागतं.

आपल्याकडे मोटारींच्या विक्रीत विजेच्या गाड्यांचा वाटा अजून एकआकडी टक्क्यांतच आहे. रस्त्यावर दिसतात त्या प्रामुख्याने विजेच्या स्कूटर आणि रिक्षा. बसचं पाऊल मात्र बरंच आधी पडलंय. हिमाचल प्रदेशाच्या परिवहन महामंडळाने २०१७मध्येच मनालीहून रोहतांगच्या चढावर विजेची बस नेली. २०२२मध्ये दिल्ली, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी मिळून ५,४५० बसची एकत्र निविदा निघाली. एकेका शहराने घासाघीस करण्यापेक्षा घाऊक खरेदी स्वस्त, हे मंडईत जाणाऱ्या कुणालाही ठाऊक असलेलं गणित सरकारी कागदावर आलं. बस कंत्राटदाराची, चालवणंही त्याचं, आणि महामंडळाने किलोमीटरमागे ठरलेले पैसे द्यायचे, अशी ही पद्धत. २०२३मध्ये केंद्राने आणखी १० हजार बसची योजना मंजूर केली. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबई-पुणे रस्त्यावर ‘ई-शिवनेरी’ धावू लागली.

आणि टोलचं म्हणाल, तर हार्केटची पांडा ज्यासाठी जप्त व्हायची, ती मागणी महाराष्ट्रातही मान्य झाली. २०२५च्या धोरणानुसार ऑगस्ट २०२५पासून अटल सेतूवर विजेच्या मोटारींना आणि बसना टोल माफ झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गही याच यादीत आहेत. या टोलमाफीत मोटारवाल्याचे पैसे त्याच्या फास्टॅगमध्ये राहतात, त्याला ते लगेच दिसतात. बसवाल्यांचं दुखणं टोलनाक्याच्या आधीचं आहे. शेंझेनची जागेची अडचण आता आपल्या शहरांच्या दारात उभी आहे. एका आगारात पन्नास-शंभर बस रात्री एकदम चार्जिंगला लावायच्या, तर नेहमीच्या जोडणीने भागत नाही. उच्च दाबाची वाहिनी ओढावी लागते, रोहित्र बसवावं लागतं, त्यासाठी रस्ता खणायची परवानगी मिळवावी लागते. नवी बस कारखान्यातून बाहेर पडायला काही महिने लागतात. आगारात वीज पोचायला कधीकधी त्याहून अधिक.